टेनिस की शिक्षण, असं घरात विचारतात तेव्हा

अगं, तुझ्या घरात सध्या एकच विषय चाललाय ना? बारावीनंतर हिनं खेळायचं की शिकायचं? अण्णा म्हणतात कॉलेज, कोच म्हणतात आता पूर्णवेळ स्पर्धा, आणि तू दोघांच्या मधे गप्प. म्हणून मोठ्या बहिणीच्या नात्यानं मनातलं सांगते. टेनिसमध्ये या दोन वाटा एकमेकींना मिळतात. कॉलेजच्या संघात गेलं म्हणजे खेळ संपला, हे डोक्यातून काढून टाक.

ऋतुजा भोसलेचंच बघ. जन्म श्रीरामपूरचा, म्हणजे आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला. ती अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघातून खेळली, मग परत येऊन व्यावसायिक स्पर्धांत उतरली. 30 सप्टेंबर 2023 ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेतलं. पहिला सेट 2-6 गेला होता, तिथून सामना फिरवला. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला आणि 2024 च्या ऑक्टोबरमध्ये ऋत्विक बोल्लिपल्लीबरोबर अल्माटीला एटीपी दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. तेव्हा तो तिशीत होता. त्याच्याही आधी सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून 2007 आणि 2008 असा लागोपाठ दोनदा अमेरिकेचा कॉलेज विजेता झाला, आणि 2010 च्या आशियाई स्पर्धेत एकेरीचं सुवर्ण घेऊन आला.

आता कोच तुला मानस धामणेचं उदाहरण देतील. तो पंधराव्या वर्षी, 2023 ला, बालेवाडीत एटीपी स्पर्धेच्या मुख्य फेरीत खेळला. पण त्या वयात ज्यांची तेवढी तयारी असते त्यांनी थेट जावं. तुझं तसं नाही, आणि यात कमीपणा काही नाही.

पैशाचं नीट समजून घे, कारण खरं अडतं ते इथंच. सगळ्यात खालच्या महिला आयटीएफ स्पर्धेत एकूण बक्षीस 15,000 डॉलर असतं, तेही सगळ्या खेळाडूंत वाटून. पहिल्या फेरीत हरलीस तर हातात येतात दीडशे डॉलरच्या आसपास. विमान, हॉटेल, रॅकेटची तार, कोच, सगळं आपलं. टोमॅटोला भाव आला तर एक वर्ष निभेल, पुढच्या वर्षाचं काय? अण्णांना जमिनीचा तुकडा काढायला लावून ही वाट धरू नकोस, हे मी हात जोडून सांगते.

अमेरिकेतल्या कॉलेजच्या संघात कोच, प्रवास, फिजिओ, कोर्ट, सगळं विद्यापीठ बघतं. शिष्यवृत्ती मिळाली तर फीचा आणि राहण्याचा भारही उतरतो. पूर्वी वरच्या गटातल्या महिला संघाला आठ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याबद्दल 2025 ला झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर, त्यात सामील झालेल्या विद्यापीठांत संघ जास्तीत जास्त दहा जणींचा, आणि कुणाला किती द्यायचं ते विद्यापीठ ठरवतं. म्हणून ‘फुल स्कॉलरशिप पक्की’ असं सांगून आधी पैसे मागणाऱ्या माणसाला दारातूनच परत पाठव.

आणि खेळ तिथला वेगळाच आहे गं! आधी तीन दुहेरी, त्या तिन्ही मिळून एकच गुण. मग सहा एकेरी, प्रत्येकीचा एक. ज्यांचे आधी चार गुण, तो संघ जिंकला. ड्यूसला अॅडव्हान्टेज नाही, पुढचा पॉइंट निर्णायक. शेजारच्या कोर्टवर तुझ्याच संघातल्या मुली ओरडताहेत, तीन-तीन बरोबरी झालीय आणि उरलाय फक्त तुझा सामना. एवढ्या दडपणाखाली हात सैल ठेवायला जी शिकते, तिला पुढं टूरवर कशाची भीती? तू तर पहाटे उसाच्या कडेनं, बिबट्याच्या धास्तीनं आईला बॅटरी घेऊन सोबत आणत फाटा गाठतेस आणि चाकणच्या ट्रॅफिकमधून पुण्याला सरावाला पोचतेस. तुझी चिकाटी मी पाहिलीय.

पण कागदांची तयारी नववीपासूनची असते, आणि आपल्या तालुक्यात हे कुणी सांगत नाही. तिथल्या संघात खेळायला नववी ते बारावीचे सोळा मुख्य विषय मोजतात, त्यात गणित तीन वर्षांचं लागतं. दहावीनंतर गणित सोडलंस तर अडेल, म्हणून अकरावीचा अर्ज भरताना हे लक्षात ठेव. सरावाला वेळ मिळावा म्हणून शाळा सोडून बाहेरून परीक्षेचा सतरा नंबरचा फॉर्म भरायची घाईही नको. बारावीनंतर वर्षभर नुसतं खेळत राहिलीस तर संघातून खेळायच्या वर्षांतलं एखादं कमी होऊ शकतं. बक्षिसाच्या रकमेबद्दलही नियम आहेत, आणि ते सारखे बदलताहेत. तेव्हा मिळालेला प्रत्येक रुपया आणि झालेला प्रत्येक खर्च वहीत लिही, पावती जप. तिथले कोच यूटीआर, म्हणजे खेळाडूचं रेटिंग, बघतात, सामन्याचे व्हिडिओ मागतात. जिंकलेल्या पॉइंटांचे तुकडे जोडून पाठवू नकोस, एक अख्खा सेट पाठव.

परदेश नाहीच जमला तर? मग आपल्या विद्यापीठाचा संघ आहे ना. पुण्याच्या वैष्णवी आडकरनं 2025 च्या जुलैमध्ये जर्मनीत जागतिक विद्यापीठ स्पर्धेत एकेरीचं कांस्य घेतलं. त्याआधी असं एकेरीचं पदक नंदन बाळ यांनी आणलं होतं, 1979 ला. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना ‘टाइमपास’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस. तिथूनच आंतरविद्यापीठ स्पर्धेची वाट निघते.

तर या सुट्टीत नववी-दहावीच्या गुणपत्रिका एका फाइलला लाव, एक अख्खा सामना मोबाईलवर कुणाकडून तरी काढून घे, आणि अण्णांना रविवारी मंचरला माझ्याकडे घेऊन ये. त्यांच्याशी मी बोलते.