शॉर्ट ड्युरेशन फंड: तुलना कशाशी करायची?

प्रश्न: माझ्या शॉर्ट ड्युरेशन फंडाने वर्षभरात निर्देशांकापेक्षा कमी परतावा दिला. फंड बदलू का?

उत्तर: घाई करू नका. निर्देशांकाला खर्च नसतो. फंडाचा खर्च मात्र रोज एनएव्हीतून वजा होतो. समजा, निर्देशांक ७.५ टक्के वाढला आणि खर्च ०.८ टक्के आहे, तर ६.७ टक्के देणारा फंड मागे पडलेला नाही. शिवाय परतावा व्याजदरांवरही अवलंबून असतो. सेबीच्या नियमानुसार या फंडांची मॅकॉले ड्युरेशन, म्हणजे रोख्यांतले पैसे परत मिळण्याचा भारित सरासरी काळ, १ ते ३ वर्षे असते. ती २.५ असेल, तर व्याजदर १ टक्का वाढल्यावर रोख्यांची किंमत साधारण अडीच टक्के उतरते. म्हणून किमान तीन वर्षांचा परतावा पाहा. फॅक्टशीटमध्ये रोख्यांचे पतमानांकन जरूर तपासा. जास्तीचा परतावा दुय्यम दर्जाच्या रोख्यांतून आला असेल, तर ती जोखीम तुमच्याच पैशांवर आहे.