शिक्षा समान, म्हणजे न्याय समान?

विवाह ही दोन व्यक्तींची खाजगी बाब आहे, असे आपण म्हणतो. परंतु इतिहासात डोकावले तर विवाहाइतकी सार्वजनिक बाब दुसरी नसेल, असे वाटू लागते. कोणी कोणाशी लग्न करावे हे ठरविण्याचा हक्क घराने, जातीने, धर्माने सांगितलाच. पण कित्येक ठिकाणी राज्यसंस्थेनेही तो आपल्या हाती घेतला. या दृष्टीने अमेरिकेतील 'लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया' हा १९६७ सालचा खटला अभ्यासण्यासारखा आहे. राज्यशास्त्राच्या तासाला मी तो दरवर्षी शिकवतो. त्याचाच थोडक्यात परिचय येथे करून देत आहे.

व्हर्जिनिया हे अमेरिकेच्या दक्षिण भागातील जुने राज्य. गोरे आणि काळे यांच्यातील विवाहावर तेथे वसाहतकाळापासून निर्बंध होते. १९२४ च्या वंशशुद्धी कायद्याने ते अधिक कडक झाले. ज्याच्या अंगात अन्य वंशाच्या रक्ताचा थेंबही नाही तोच गोरा, आणि गोऱ्याने फक्त गोऱ्याशीच लग्न करावे, असा हा कायदा. मात्र राज्यातील काही प्रतिष्ठित घराणी स्वतःला पोकाहाँटस या आदिवासी राजकन्येचे वंशज म्हणवीत. ती 'अशुद्ध' ठरू नयेत म्हणून एक सोळांशापर्यंत आदिवासी रक्त चालेल, अशी सवलत कायद्यातच ठेवण्यात आली! शुद्धतेच्या कल्पना बलवंतांच्या सोयीने कशा वाकतात, याचा हा उत्तम नमुना होय. कायदा मोडणाऱ्यास एक ते पाच वर्षांची कैद होती.

याच राज्यातील सेंट्रल पॉइंट या खेड्यात रिचर्ड लव्हिंग हा गोरा गवंडी आणि मिल्ड्रेड जेटर ही कृष्णवर्णीय व आदिवासी वंशाची तरुणी राहत. २ जून १९५८ रोजी त्यांनी वॉशिंग्टनला जाऊन विवाह केला, कारण तेथे असा विवाह कायदेशीर होता. पुढच्याच महिन्यात एका रात्री शेरीफ आपल्या माणसांसह थेट त्यांच्या शयनगृहात शिरला. भिंतीवरील विवाहाचा दाखला त्याला दाखविला, तेव्हा तो येथे चालत नाही, असे त्याने सांगितले. जानेवारी १९५९ मध्ये दोघांनी गुन्हा कबूल केला. एक वर्षाची कैद झाली. पण राज्य सोडून गेल्यास आणि पंचवीस वर्षे दोघे मिळून परत न आल्यास ती माफ, अशी अट होती. लग्न केले म्हणून हद्दपारी!

ही माणसे चळवळीतली नव्हती. वॉशिंग्टनच्या गर्दीत मिल्ड्रेडचा जीव रमेना. गाव, आईवडील, मोकळे अंगण तिला हवे होते. १९६३ मध्ये तिने ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांना साधे पत्र लिहिले. त्यांनी नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनकडे बोट दाखविले, आणि बर्नार्ड कोहेन व फिलिप हर्शकॉप या दोन तरुण वकिलांनी प्रकरण हाती घेतले. १९६५ मध्ये व्हर्जिनियाच्या न्यायाधीशाने आपला निर्णय कायम ठेवताना असे म्हटले की, देवाने निरनिराळे वंश निरनिराळ्या खंडांत ठेवले, त्या अर्थी त्यांची सरमिसळ त्याला नको होती. मग गोरे लोक युरोप सोडून अमेरिकेत काय करीत होते, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

येथे एका विद्यार्थ्याने मला विचारलेला प्रश्न महत्त्वाचा आहे. "सर, शिक्षा गोऱ्या नवऱ्याला आणि काळ्या बायकोला सारखीच होती ना? मग विषमता कुठे आली?" प्रश्न बाळबोध नाही. व्हर्जिनिया राज्याने नेमका हाच युक्तिवाद केला होता, आणि १८८३ मध्ये अलाबामाच्या एका खटल्यात खुद्द सर्वोच्च न्यायालयानेही तो मानला होता. त्याचे उत्तर १२ जून १९६७ रोजी सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी लिहिलेल्या निकालात मिळते. त्यांनी कायद्याचा हेतू तपासला. व्हर्जिनियाला वंशांची सरमिसळच नको असती तर काळ्या माणसाने अन्य गौरेतर वंशात लग्न करण्यासही बंदी असती. तशी ती नव्हती. बंदी होती ती केवळ जेथे एक पक्ष गोरा आहे तेथे. म्हणजे जपायची होती ती गोऱ्यांची श्रेष्ठता. शिक्षा समान वाटली म्हणून न्याय समान होत नाही. विवाहाचे स्वातंत्र्य हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असेही न्यायालयाने सांगितले. निकाल एकमताने झाला आणि सोळा राज्यांतील असे कायदे रद्द ठरले. रिचर्ड न्यायालयात गेलाच नाही. माझे माझ्या बायकोवर प्रेम आहे एवढे न्यायाधीशांना सांगा, असा निरोप त्याने वकिलांकडे दिला होता. पुढे त्याने गावात स्वतःच्या हाताने घर बांधले.

परंतु निकालाने मने बदलतात काय? गॅलप संस्थेच्या पाहणीत १९५८ मध्ये अशा विवाहांना केवळ ४ टक्के अमेरिकनांची संमती होती. २०२१ मध्ये ती ९४ टक्के झाली. हा बदल घडण्यास साठ वर्षे लागली. अलाबामाने आपल्या घटनेतील मृत झालेले हे कलम २००० साली मतदानाने काढले, तेव्हाही दहांतल्या चौघांनी ते राहू द्यावे असे मत दिले. पोलीस दारातून हटतो; शेजाऱ्याची नजर हटण्यास पिढ्या लागतात.

आपल्याकडे वंश आणि जात या एकच गोष्टी नव्हेत, हे डॉ. आंबेडकरांनीच बजावले आहे. तथापि जातिनिर्मूलनाचा खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच, असेही त्यांनी १९३६ मध्ये लिहिले. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ मध्येच अशा विवाहांना कायद्याची मान्यता दिली. म्हणजे व्हर्जिनिया दार अधिक घट्ट लावत होते त्याच्या पाच वर्षे आधी. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने भिन्नधर्मीयांनाही वाट करून दिली. मात्र त्याच कायद्यानुसार तीस दिवसांची नोटीस कचेरीत लावावी लागते, आणि आक्षेप घेण्याची मुभा कोणालाही असते. घरच्यांपासून लपून आलेल्या जोडप्यास हे तीस दिवस किती लांब वाटत असतील!

आपल्या सीमाभागात तर भाषेचीही भिंत उभी राहते. मराठी घरात कन्नड सून आली, किंवा उलट झाले, की पोरांना कोणत्या माध्यमात घालणार, हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतच विचारला जातो. विचारणारे म्हणतात, "आम्ही दोन्हीकडच्यांना सारखेच विचारतो." अशा वेळी व्हर्जिनियाचा युक्तिवाद आठवावा. प्रश्न सारखाच विचारला गेला काय, एवढेच पाहून भागत नाही. त्यातून कोणाचे वर्चस्व जपले जात आहे, हे पाहावे लागते. ती सवय आपल्या विद्यार्थ्यांनी याच वयात लावून घ्यावी. कारण उद्या आक्षेप घेण्याची किंवा पाठीशी उभे राहण्याची पाळी त्यांच्यावरच येणार आहे.