नवा संघ, साधा यंत्रमानव



तुमच्या शाळेने पहिल्यांदाच यंत्रमानवांच्या स्पर्धेत उतरायचे ठरवले आहे, असे समजा. हाताशी सहा-आठ आठवडे आहेत. पैसे बेताचे आहेत. समोर मात्र वीस-वीस वर्षे ही स्पर्धा खेळणारे संघ आहेत. अशा वेळी पहिला प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे आपण तेथे करायचे काय? 'जुने संघ जे जे करतात, ते सगळे थोडे थोडे' हे उत्तर चटकन सुचते. ते फसवे का आहे आणि बरोबर उत्तर कसे शोधायचे, हे आपण शाळेतलेच गणित आणि भौतिकशास्त्र वापरून पाहू.

स्पर्धा कशी असते?

उदाहरणासाठी अमेरिकेतील 'फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन' ही स्पर्धा घेऊ. डीन केमन या संशोधकाने १९८९ मध्ये 'फर्स्ट' ही संस्था स्थापन केली. तिची पहिली स्पर्धा १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातील मँचेस्टर या गावी झाली आणि तीत २८ संघ होते. २०२४ च्या हंगामात हीच संख्या तीन हजारांच्या वर गेली होती. मुंबईतील शालेय विद्यार्थीही या स्पर्धेत उतरले आहेत.

येथील यंत्रमानव म्हणजे गोष्टीतला हातपाय असलेला लोखंडी माणूस नव्हे. तो चाकांवर धावणारा, वस्तू उचलणारा व टाकणारा एक गाडा असतो. २०२४ च्या नियमांनुसार विद्युतघट आणि भोवतालच्या गाद्या सोडून त्याचे वजन जास्तीत जास्त १२५ पौंड, म्हणजे सुमारे ५७ किलोग्रॅम असू शकत होते. त्या वर्षी मैदान सुमारे १६.५ मीटर लांब आणि ८.२ मीटर रुंद होते. सामना अडीच मिनिटांचा होता. त्यातील पहिले १५ सेकंद यंत्रमानवाने आधी भरलेल्या आज्ञावलीनुसार आपोआप चालायचे होते आणि पुढे विद्यार्थी त्याला दुरून चालवत. खेळ दरवर्षी नवा असतो आणि त्याचे नियम जानेवारीत जाहीर होतात.

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट. सामना एकास एक असा नसतो. तीन यंत्रमानवांचा एक गट दुसऱ्या तिघांच्या गटाशी खेळतो. प्राथमिक फेरीत तुमचे जोडीदार कोण, हे तुम्ही ठरवत नाही. प्रत्येक सामन्याला ते बदलतात. गटाचे गुण एकत्र मोजले जातात. तुमचा यंत्रमानव मैदानात बंद पडून राहिला, तर नुकसान केवळ तुमचे होत नाही. ज्यांनी तुम्हाला निवडलेही नव्हते, असे दोन संघ तुमच्याबरोबर अडचणीत येतात. म्हणून नव्या संघाने 'मी किती गुण मिळवीन?' असे न विचारता, 'माझ्यामुळे गटाचे गुण किती वाढतील?' असे विचारले पाहिजे. या दोन प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा वेगळी येतात.

गुणांचा हिशेब

२०२४ च्या खेळाचे नाव 'क्रेसेंडो' होते. त्यात फोमची नारिंगी कडी उचलून दोन ठिकाणी टाकायची होती. एक ठिकाण म्हणजे सुमारे दोन मीटर उंचीवर तोंड असलेला 'स्पीकर'. दुसरे म्हणजे मैदानाच्या कडेला, कमी उंचीवर असलेली 'अँप' नावाची खाच. यंत्रमानव एका वेळी एकच कडे बाळगू शकत असे. विद्यार्थी चालवत असतानाच्या काळात स्पीकरमध्ये कडे गेले की २ गुण मिळत आणि अँपमध्ये गेले की १ गुण. एवढेच वाचले तर अँपकडे कोणी फिरकणार नाही, असे वाटते.

पण नियम येथे संपत नव्हता. अँपमध्ये दोन कडी जमली की मैदानाबाहेर उभा असलेला गटातील विद्यार्थी एक बटण दाबू शकत असे. त्यानंतरचे १० सेकंद स्पीकरमधील प्रत्येक कड्याला २ ऐवजी ५ गुण मिळत. ही सवलत जास्तीत जास्त चार कड्यांना होती.

आता हिशेब करू. नव्या संघाने दोन कडी अँपमध्ये टाकली. त्याचे २ गुण झाले. जोडीदारांनी त्या दहा सेकंदांत न कडी स्पीकरमध्ये टाकली, तर प्रत्येक कड्यामागे ३ गुण जादा मिळाले. म्हणून

गटाचा फायदा = २ + ३न

हीच दोन कडी नव्या संघाने स्वतः स्पीकरमध्ये टाकली असती, तर ४ गुण झाले असते. तेही नेम चुकला नाही तर. न = ० असेल तर फायदा २, म्हणजे तोटाच. पण न = १ असेल तरी फायदा ५ होतो आणि तो ४ पेक्षा जास्त आहे. न = ४ असेल तर तो १४ होतो! उंचावर नेम धरून कडी फेकणारे यंत्र बनवणे अवघड, जवळ जाऊन खाचेत कडे सरकवणारे यंत्र त्या मानाने सोपे. तरीही सोप्या यंत्राने गटाला जास्त गुण मिळवून दिले. क्रिकेटमध्ये एकेरी धाव काढून जमलेल्या फलंदाजाला खेळायला देणारा खेळाडू हेच करतो. धावफलकावर त्याच्या नावापुढे धावा थोड्याच दिसतात, पण डाव त्याच्यामुळे उभा राहतो.

मात्र न शून्य राहू नये, यासाठी सामन्याआधी जोडीदारांशी बोलावे लागते. आपण दुसरे कडे टाकण्याच्या वेळी त्यांच्याकडे कडी तयार हवीत. हे बोलणेसुद्धा संघाच्या कामाचाच भाग आहे.

याच खेळात पहिल्या १५ सेकंदांत सुरुवातीच्या पट्ट्यातून बाहेर पडणाऱ्या यंत्रमानवाला २ गुण होते. पट्टा सुमारे दोन मीटर रुंद होता. १.५ मीटर प्रतिसेकंद वेगाने २ सेकंद सरळ चालले की ३ मीटर अंतर कापले जाते आणि काम होते. एवढी आज्ञावली नवशिक्यालाही लिहिता येते.

साखळी जितकी लांब, तितकी कच्ची

समजा, तुमच्या यंत्रात एकापुढे एक अशी पाच कामे व्हायची आहेत : कडे उचलणे, आत ओढणे, वर नेणे, नेम धरणे, फेकणे. प्रत्येक काम दहापैकी नऊ वेळा नीट होते. ऐकायला हे चांगलेच वाटते. पण पाचही कामे पार पडली तरच गुण मिळणार. एका कामाच्या यशापयशाचा दुसऱ्यावर परिणाम होत नाही असे धरले, तर संभाव्यतांचा गुणाकार करायचा :

०.९ × ०.९ × ०.९ × ०.९ × ०.९ = सुमारे ०.५९

म्हणजे दहातून जेमतेम सहा वेळा यश. आता दोनच कामे असलेले यंत्र घ्या. वाचलेला वेळ सरावात घालवून प्रत्येक काम १०० पैकी ९५ वेळा नीट होईल असे केले, तर ०.९५ × ०.९५ = सुमारे ०.९०. थोडे भाग आणि पुष्कळ सराव यांचे गणित असे आहे.

उलटू नये म्हणून

उंच हात असलेला यंत्रमानव दिसतो छान, पण जोरात थांबताना तो पुढच्या चाकांवर उलटू शकतो. गुरुत्वमध्य जमिनीपासून 'उ' उंचीवर आणि पुढच्या चाकांच्या मागे 'ब' अंतरावर आहे असे माना. थांबताना मंदन 'म' असेल, तर यंत्राला उलटवणारे परिबल वस्तुमान × म × उ आणि सावरणारे परिबल वस्तुमान × ग × ब असते. येथे ग म्हणजे गुरुत्वत्वरण. पहिले दुसऱ्यापेक्षा मोठे झाले की यंत्र उलटते. वस्तुमान दोन्हीकडे असल्याने निघून जाते आणि उलटण्याची सीमा मिळते :

म = ग × ब ÷ उ

पण चाकांच्या घर्षणाने मिळणारे मंदनही अमर्याद नसते. घर्षणांक १ धरला तर ते जास्तीत जास्त ग इतके असते. म्हणून उ जर ब पेक्षा कमी ठेवला, तर यंत्र उलटण्याआधी चाके घसरतात आणि नुसत्या थांबण्याने ते उलटत नाही. ब ३० सेंटिमीटर असेल तर गुरुत्वमध्य ३० सेंटिमीटरच्या खाली ठेवा. विद्युतघट सुमारे ६ किलोग्रॅमचा असतो. त्याची जागा तळाशी ठरवली की अर्धे काम होते.

विद्युतघटाची मर्यादा

सर्व यंत्रमानवांना एकच १२ व्होल्टचा शिसे-आम्लाचा विद्युतघट वापरावा लागतो. त्याचा अंतर्गत रोध आणि तारांचा रोध मिळून ०.०२ ओहम धरू. पूर्ण भारित घटाचे विभवांतर १२.६ व्होल्ट आहे आणि जोरात निघताना चाकांच्या मोटारी २०० अँपिअर धारा घेतात, असे समजा. मग मोटारींना १२.६ − (२०० × ०.०२) = ८.६ व्होल्ट मिळतात. त्याच क्षणी हात आणि फेकण्याचे यंत्र यांनी आणखी १०० अँपिअर घेतले, तर उरतात ६.६ व्होल्ट. विभवांतर सहा ते सात व्होल्टच्या दरम्यान उतरले की यंत्रातील नियंत्रक संगणक स्वतःला वाचवण्यासाठी मोटारींचा पुरवठा तोडतो. प्रेक्षकांना वाटते, यंत्र अडखळले. खरे तर ओहमच्या नियमाने आपले काम केलेले असते. सैल जोडामुळेही रोध वाढतो. म्हणून प्रत्येक सामन्याआधी भारित घट बसवणे आणि तारांचे जोड हाताने ओढून पाहणे हे एका विद्यार्थ्याचे ठरलेले काम असावे.

निवड आणि निरीक्षण

प्राथमिक फेरी संपली की आठ गट तयार होतात. पहिल्या फेरीत एक ते आठ या क्रमाने गटप्रमुख एकेक जोडीदार निवडतात. दुसऱ्या फेरीत क्रम उलटा, आठ ते एक असा असतो. म्हणजे सर्वात वरचा गट आपला तिसरा सदस्य सगळ्यांच्या शेवटी, चोविसावा म्हणून निवडतो. तोवर सर्व कामे उत्तम करणारे संघ निघून गेलेले असतात. त्या वेळी गटप्रमुखाला हवा असतो तो एक काम न चुकता करणारा, कधीही बंद न पडलेला संघ. साध्या यंत्राच्या नव्या संघाला येथे खरी संधी असते.

ही निवड निरीक्षणावर चालते. मैदानात सहा यंत्रमानव असतात; सहा विद्यार्थी वही-पेन्सिल घेऊन एकेकाची नोंद ठेवू शकतात. कड्यांची संख्या, चुका, बंद पडण्याची वेळ, एवढे लिहिले तरी पुरे. यंत्र नवे असले, तरी काळजीपूर्वक ठेवलेली वही अनुभवी संघाच्या वहीइतकीच मोलाची असते आणि जोडीदारांना ती उपयोगी पडते. उलट, काही अडले तर शेजारच्या संघाला विचारण्यात कमीपणा नाही. मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतील प्राध्यापक वूडी फ्लॉवर्स यांनी या स्पर्धेला एक वृत्ती घालून दिली : चुरशीने खेळायचे, पण प्रतिस्पर्ध्याचा आदर राखायचा आणि त्याला मदतही करायची. नव्या संघाला सुटे भाग आणि सल्ला देणारे जुने संघ तेथे भेटतात, ते यामुळेच.

शिक्षकांसाठी

कोणत्याही स्पर्धेचे नियमपत्रक हाती आले की यंत्राचे चित्र काढण्याआधी फळ्यावर तक्ता करून घ्यावा : काम, त्याचे गुण, त्याला लागणारे सेकंद, यशाची संभाव्यता आणि जोडीदारांना होणारा फायदा. कोणते एक काम निवडायचे, यावर वर्गाने वाद घालावा. हा वाद पहिल्याच आठवड्यात झाला, तर पुढचे आठवडे सत्कारणी लागतात.

सोडवून पाहा

१. जोडीदारांनी दहा सेकंदांत तीन कडी स्पीकरमध्ये टाकली, तर अँपमध्ये दोन कडी टाकल्यामुळे गटाचा एकूण फायदा किती?

२. चार कामांच्या साखळीत प्रत्येक काम १०० पैकी ९५ वेळा नीट होते. साखळी पूर्ण होण्याची संभाव्यता किती?

३. एका यंत्रमानवाचा उ ४० सेंटिमीटर व ब ३० सेंटिमीटर आहे. तो ३ मीटर प्रतिसेकंद वेगाने धावत असताना चालकाने त्याला ०.४ सेकंदात थांबवले. तो उलटेल का? ०.६ सेकंदात थांबवला तर? (ग = ९.८ मीटर प्रतिसेकंद वर्ग)

उत्तरे : १. ११ गुण. २. सुमारे ०.८१. ३. उलटण्याची सीमा ७.३५ मीटर प्रतिसेकंद वर्ग आहे. पहिल्या वेळी मंदन ७.५ असल्याने तो उलटेल; दुसऱ्या वेळी ते ५ असल्याने उलटणार नाही. यंत्र तेच आहे. फरक पडला तो चालकाच्या सरावाने.