ओला दुष्काळ इंग्रजीत कसा सांगायचा?

प्रश्न : 'ड्राउट' या शब्दातले 'जी-एच' उच्चारत नाहीत, मग लिहायचे कशाला, असं मुलं विचारतात. शिवाय 'ओला दुष्काळ' म्हणायला हा शब्द चालेल का? – एक शिक्षिका, बार्शी

उत्तर : ती दोन अक्षरं म्हणजे जुन्या उच्चाराची खूण. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द साधारण 'द्रूगथ' असा होता. 'ड्राय' म्हणजे कोरडा, हा त्याचा सख्खा भाऊ. त्याच्याही पोटात तेव्हा 'ग' होता. 'ड्राय'मधला 'ग' पुढे लिखाणातूनही गेला, 'ड्राउट'मधला फक्त उच्चारातून. शेवटचा 'थ' हा विशेषणाचं नाम करणारा प्रत्यय. 'वॉर्म'चं 'वॉर्म्थ' होतं ते त्यामुळेच. 'ड्राउट' आणि 'हाइट'मध्ये त्याचा 'ट' झाला. आपण 'कोरडा'वरून 'कोरड' करतो, तशीच ही घडण.

ही 'कोरड' मुलांना जरूर सांगा. स्कॉटलंडमध्ये या शब्दाचं 'ड्रूथ' हे रूप आहे आणि त्याचा एक अर्थ तहान. आपल्याही घशाला कोरडच पडते! दोरीवरचे ओले कपडे वाळवणाऱ्या वाऱ्यालाही तिथे 'ड्रूथ' म्हणतात. चौदाव्या शतकात चॉसरने 'कँटरबरी टेल्स'च्या दुसऱ्याच ओळीत हा शब्द योजला, तो मार्च महिन्यातल्या कोरडेपणासाठी. उपासमारीचा तिथे संबंध नाही. तिच्यासाठी इंग्रजीत 'फॅमिन' आहे. तो लॅटिनमधल्या भुकेच्या शब्दावरून आला.

आपला 'दुष्काळ' म्हणजे वाईट काळ. पावसाअभावी पीक करपो, नाहीतर काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात कुजो, शेतकऱ्यावर आलेली वेळ वाईटच. म्हणून 'ओला दुष्काळ' आपल्याला चटकन कळतो. इंग्रजीत 'वेट ड्राउट' म्हटलं, तर 'ओला कोरडेपणा' असं काहीतरी होईल. तिथे अतिवृष्टीने पीक गेलं, असंच सरळ लिहावं.

उलट 'ड्राउट'चं मराठी करताना आधी संदर्भ पाहा. हवामानशास्त्रात तो फक्त पावसाने मोजतात : भारतात हंगामाचा पाऊस सरासरीपेक्षा २६ ते ५० टक्के कमी पडला तर मध्यम, त्याहून कमी पडला तर तीव्र. तिथे 'अवर्षण' हाच नेमका शब्द. माणसांचे, गुरांचे हाल सांगायचे असतील, तेव्हा 'दुष्काळ' लिहा.

फळ्यावर एकाखाली एक लिहून द्या : कोरडा–कोरड, ड्राय–ड्राउट. मग ते मुके 'जी-एच' मुलांना उपरे वाटणार नाहीत.