ताकाचा पेला आणि रक्तदाबाची गोळी
अन्नातील पेप्टाइडे व हृदयाचे आरोग्य : एक अभ्यासलेख



जमाखर्चाच्या पानांसोबत आरोग्यविषयक एक लेख देण्याचा आमचा प्रघात आहे. यंदाचा विषय आम्हांस बाह्यरुग्ण विभागातच मिळाला. खांदा कॉलनीतील एका निवृत्त गृहस्थांना तीव्र डोकेदुखी आणि डाव्या हाताचा बधिरपणा अशा अवस्थेत त्यांच्या सूनबाईंनी आमच्याकडे आणले. रक्तदाब २००/११४ भरला. कित्येक वर्षे नियमित औषध घेणाऱ्या या गृहस्थांनी तीन आठवड्यांपूर्वी गोळ्या बंद केल्या होत्या. दह्यादुधातील पेप्टाइडांमुळे रक्तदाब उतरतो, असे त्यांच्या वाचनात आले होते आणि ते दोन्ही वेळा ताक घेत होते. वेळीच उपचार मिळाल्याने पुढील अनर्थ टळला. त्यांनी वाचलेले सर्वस्वी खोटे नव्हते. ते अर्धे होते. उरलेले अर्धे सांगावे, हाच या लेखाचा हेतू.

पेप्टाइड म्हणजे काय?

दूध, डाळी, मासळी, अंडी यांतील प्रथिने ही अमिनो आम्लांच्या लांबच लांब साखळ्या असतात. अन्न पचताना किंवा दूध विरजताना या साखळ्या तुटतात आणि त्यांचे लहान तुकडे होतात. या तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात. त्यांतील बहुतेक पुढे आणखी तुटतात व शरीराच्या बांधणीस कामी येतात. मोजके काही मात्र तुटण्यापूर्वी वेगळेही कार्य करू शकतात.

आपल्या रक्तात अँजिओटेन्सिन नावाचे दहा अमिनो आम्लांचे एक पेप्टाइड असते. एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याच्या टोकाची दोन अमिनो आम्ले छाटून टाकते. उरलेला आठांचा तुकडा रक्तवाहिन्या आकुंचित करतो आणि शरीरात मीठ व पाणी धरून ठेवावयास लावतो. परिणामी रक्तदाब वाढतो. हे विकर रोखले, तर रक्तदाब उतरतो.

ही गोष्ट वैद्यकास प्रथम शिकवली ती ब्राझीलमधील जराराका सापाच्या विषाने. डॉ. सर्जियो फेरेरा यांनी १९६५ मध्ये त्या विषातील पेप्टाइडांचा गुणधर्म दाखविला. त्याच धाग्यावरून पुढे कॅप्टोप्रिल ही गोळी घडली व १९८१ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. आज दिल्या जाणाऱ्या एनालाप्रिल, रामिप्रिल या गोळ्या त्याच कुळातील होत. सारांश, पेप्टाइड आणि रक्तदाब यांचे नाते कपोलकल्पित नाही.

जपानमधील आंबवलेले दूध

लॅक्टोबॅसिलस हेल्वेटिकस या जिवाणूने आंबवलेल्या दुधात हेच विकर रोखणारी, प्रत्येकी तीन अमिनो आम्लांची दोन पेप्टाइडे जपानी संशोधकांना आढळली. १९९६ मध्ये त्यांनी उच्च रक्तदाबाच्या ३० वृद्ध रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. रोज ९५ मिलिलिटर असे दूध घेणाऱ्या गटाचा वरचा रक्तदाब आठ आठवड्यांत सरासरी १४ अंकांनी उतरला. या बातमीने जगभर आशा निर्माण झाली.

परंतु याच प्रयोगातील एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्या रुग्णांपैकी बहुतेक जण रक्तदाबाची औषधे घेतच होते. दूध औषधाच्या जोडीला होते. औषधाच्या जागी नव्हते. शिवाय पुढे युरोपात झालेल्या चाचण्यांत हा परिणाम फारच थोडा दिसला. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१२ मध्ये असा निष्कर्ष दिला की, या पेप्टाइडांनी रक्तदाब योग्य राखला जातो हे सिद्ध झालेले नाही.

मग आपल्या ताकाचे काय?

घरचे विरजण निरनिराळ्या जिवाणूंचे मिश्रण असते. त्यात कोणते पेप्टाइड किती उतरेल, याचा भरवसा नाही. गोळीतील औषध मिलिग्रॅमपर्यंत मोजलेले असते. ताकाला असे माप नाही. त्यातच आपण ताकात मीठ घालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी मीठ खावे. एका पेल्यात पाव चमचा मीठ घातले, की दिवसाच्या मर्यादेचा चौथा हिस्सा तेथेच संपतो. वर पापड, लोणचे, खारा बांगडा आहेतच.

याचा अर्थ ताक सोडावे असा मुळीच नाही. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॅश’ अभ्यासात भाज्या, फळे व कमी स्निग्धांशाचे दूधदुभते असा आहार घेणाऱ्या उच्च रक्तदाबाच्या व्यक्तींचा वरचा रक्तदाब सुमारे ११ अंकांनी उतरला. हा गुण एकट्या पेप्टाइडाचा नव्हे. तो संपूर्ण ताटाचा होय.

आपल्या राज्याचा अनुभवही हेच सांगतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. तेथे भर होता तो साध्या गोष्टींवर : रक्तदाब मोजणे, ठरलेली औषधे विनाखंड पुरविणे आणि रुग्ण पुन्हा तपासणीस येईल हे पाहणे.

कुटुंबीयांना आमची विनंती

१. ताक अवश्य घ्यावे. बिनमिठाचे, जिरेपूड व कोथिंबीर घातलेले.
२. रक्तदाब उतरलेला दिसला, तरी गोळी आपण होऊन बंद करू नये. तो बहुधा गोळीमुळेच उतरलेला असतो.
३. पेप्टाइडाच्या नावे विकली जाणारी भुकटी डॉक्टरांना दाखविल्याखेरीज घेऊ नये. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी तर विशेष जपावे.
४. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास, किंवा वर सांगितलेल्या कुळातील गोळ्या चालू असल्यास, ते विचारूनच वापरावे.
५. उच्च रक्तदाब बहुधा लक्षणांवाचून असतो. बरे वाटते म्हणून मोजणे टाळू नये.

आरंभी उल्लेखिलेले गृहस्थ आता ताकही घेतात आणि गोळीही. सूनबाई दोहोंची वेळ पाळतात. देणगीदारांच्या साहाय्याने आमच्याकडे जे काही उभे राहते, त्यात रक्तदाब मोजण्याचे साधन सर्वांत साधे आहे. परंतु एखादे घर वाचविण्याचे काम पुष्कळदा तेच करते. आपण स्वतः मोजून घ्यावे, शेजाऱ्यालाही सोबत आणावे, एवढीच प्रार्थना.