डॉलरला डॉलर : मानव्यविद्यांचं अनुदान कसं चालतं?

'ह्युमॅनिटीज' या शब्दाची आपल्या हॉस्टेलवर एकच व्याख्या आहे : ज्यात न्यूमेरिकल येत नाही तो विषय! इतिहास, साहित्य, भाषा, तत्त्वज्ञान म्हणजे आदल्या रात्री वाचून निघणारे पेपर. म्हणून ही गोष्ट आपल्यासाठी.

1957 साली रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेने विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिक्षणात भराभर पैसा ओतला. पुढे 1964 मध्ये विद्वानांच्या एका आयोगाने अहवाल दिला, की मानव्यविद्यांनाही असाच सरकारी आधार हवा. सिनेटच्या समितीपुढे या मागणीच्या बाजूने बोलणाऱ्यांत कोण होतं? ग्लेन सीबोर्ग. प्लुटोनियम शोधणाऱ्यांपैकी एक, 1951 चे रसायनशास्त्राचे नोबेल विजेते आणि तेव्हाचे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष! जग इतक्या वेगाने धावत असताना दिशा हरवणं परवडणार नाही, असं त्यांचं म्हणणं. 29 सप्टेंबर 1965 रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी कायद्यावर सही केली आणि 'नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज', थोडक्यात एनईएच, ही संस्था जन्मली.

पैसा गावापर्यंत कसा पोचतो?

सगळी अनुदानं विद्यापीठांतच जिरली तर सामान्य माणसाला काय मिळणार? म्हणून 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून राज्याराज्यांत मानव्यविद्या परिषदा उभ्या राहिल्या. आज 50 राज्यं, राजधानी वॉशिंग्टन आणि पाच बेटप्रदेश मिळून त्या 56 आहेत. ही सरकारी खाती नव्हेत, ना-नफा संस्था आहेत. एनईएच परिषदेला निधी देते, परिषद त्यातून गावातल्या वाचनालयाला, छोट्या संग्रहालयाला किंवा एखाद्या मंडळाला अनुदान देते.

आता खरी गंमत. अट साधारण अशी असते : आम्ही एक डॉलर देऊ, एक तुम्ही उभा करा. पण तुमचा डॉलर रोखच हवा असं नाही. समजा, एका गावातली कापडगिरणी बंद पडली. तिथल्या म्हाताऱ्या कामगारांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायला वाचनालयाने 2,000 डॉलर मागितले. वाचनालयाने फुकट दिलेला हॉल, निवृत्त शिक्षकाने विनामोबदला दिलेले तास, छापखान्याने सोडलेलं बिल, या सगळ्याची रीतसर किंमत धरून त्यांचा वाटा भरता येतो. म्हणजे गावाने आपला वेळ घातला तरच योजना पुढे सरकते. नुसता अर्ज टाकून चेकची वाट बघणाऱ्याचं इथे काम नाही.

यातून होतं काय?

दोन उदाहरणं देतो. स्मिथसोनियन ही अमेरिकेची मोठी संग्रहालय-संस्था 1994 पासून परिषदांच्या मदतीने फिरती प्रदर्शनं छोट्या गावांत पाठवते. त्यातलं एक होतं अमेरिकन माणसांच्या कामधंद्याविषयी. प्रदर्शन पेट्यांतून येतं, गावकरी ते जोडतात आणि शेजारी आपल्या गावाचं प्रदर्शन मांडतात. दुसरं उदाहरण मेन राज्यातलं. तिथल्या परिषदेने 1997 मध्ये एका हॉस्पिटलात डॉक्टर, नर्स आणि इतर कर्मचाऱ्यांना एकत्र बसवून कथा-कविता वाचायला लावल्या. रोगी म्हणजे नुसता रिपोर्ट नव्हे, हे समजावं म्हणून! हा उपक्रम पुढे इतर राज्यांतही गेला.

खर्च किती? 2024 साली एनईएचचं एकूण बजेट सुमारे 20 कोटी 70 लाख डॉलर होतं. तेहतीस-चौतीस कोटी लोकसंख्येने भागून बघा : माणशी साठेक सेंट. एक कप कॉफीसुद्धा येणार नाही.

एक खांब काढला तर?

स्ट्रक्चर्समध्ये आपण शिकतो, की एकाच आधारावर उभा असलेला बांधा तो आधार जाताच कोसळतो. एप्रिल 2025 च्या सुरुवातीला नेमकं हेच घडलं. रात्री ईमेल आले आणि परिषदांची मंजूर अनुदानं एकदम रद्द झाली. त्याच महिन्यात मेलन फाउंडेशनने दीड कोटी डॉलरची तातडीची मदत जाहीर केली. प्रकरण कोर्टात गेलं आणि ऑगस्टमध्ये ओरेगॉनच्या संघीय न्यायालयाने परिषदांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. पण मधल्या काळात कार्यक्रम थांबले, माणसांच्या नोकऱ्या गेल्या. मोठ्या शहरांना देणगीदार मिळतात. खेड्यातल्या वाचनालयाला परिषदेशिवाय कोण विचारणार?

मला यातून दोन गोष्टी पटल्या. एक, सरकारी पैसा थोडा असला तरी तो लागतो, कारण त्याच्या भरवशावर बाकीचे पुढे येतात. दोन, दुसरा डॉलर, म्हणजे माणसांनी दिलेला वेळ, कुठल्याही ईमेलने रद्द होत नाही. दोन्ही खांब हवेत.

आपल्याकडचा दुसरा डॉलर तर तयारच आहे. मेसमधले काका, वर्कशॉपमधले जुने इन्स्ट्रक्टर, गेटवरचे वॉचमन यांनी या कॉलेजच्या कितीतरी बॅचेस पाहिल्यात. त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायला एक मोबाईल आणि रविवारची एक दुपार पुरते. सुरुवातीचा पहिला डॉलर गॅदरिंगच्या बजेटमधून मिळेल का, हे जिमखान्याने सांगावं. अर्ज लिहायला मी तयार आहे. न्यूमेरिकल नाही त्यात, काळजी नसावी!