माझा छोटा कॅमेरा

(रोजच्या जीवनातील साध्या गोष्टींची छायाचित्रे काढण्याचा छंद लेखकाला आहे. या छंदातून मिळणारा आनंद आणि त्यातून आलेली एक जाणीव प्रस्तुत पाठात सांगितली आहे.)

मी बारामतीच्या एका शाळेत शिक्षक आहे. माझ्या पिशवीत दोन वस्तू नेहमी असतात. एक जेवणाचा डबा आणि दुसरा छोटा कॅमेरा. सहकारी थट्टेने म्हणतात, "सर, डबा एक वेळ विसराल, पण कॅमेरा विसरणार नाही!"

हा कॅमेरा मी जुनाच विकत घेतला. त्याला 'मिररलेस', म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा म्हणतात. मुले लगेच विचारतात, "सर, कॅमेऱ्यात आरसा कशाला?" प्रश्न चांगला आहे. मोठ्या कॅमेऱ्यात भिंगाच्या मागे एक तिरपा आरसा असतो. भिंगातून आलेला प्रकाश तो वर पाठवतो आणि आपल्याला समोरचे दृश्य दिसते. बटण दाबताच आरसा 'खट्' आवाज करून वर उचलला जातो. माझ्या कॅमेऱ्यात ही खटपटच नाही. प्रकाश सरळ आतल्या संवेदक पट्टीवर पडतो आणि चित्र मागच्या पडद्यावर दिसते. त्यामुळे कॅमेरा लहान व हलका झाला. जपानच्या पॅनासोनिक कंपनीने २००८ साली असा कॅमेरा बाजारात आणला. पुढे इतर कंपन्यांनीही ती वाट धरली. त्याच्यात एक उणीव मात्र आहे. पडदा सतत चालू राहत असल्याने त्याची बॅटरी लवकर संपते.

कॅमेऱ्याचे मूळ फार जुने आहे. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम या शास्त्रज्ञाने प्रकाशाचा अभ्यास केला. बारीक छिद्रातून अंधाऱ्या खोलीत शिरणाऱ्या प्रकाशाचे प्रयोग त्याने आपल्या ग्रंथात मांडले. आम्हीही एकदा वर्गाच्या खिडक्या बंद करून एक छिद्र ठेवले. समोरच्या भिंतीवर अंगणातले चिंचेचे झाड उलटे दिसू लागले. मुले आनंदाने ओरडली. तो आमचा वर्गच एक कॅमेरा झाला होता!

छायाचित्रे काढण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. सकाळी कऱ्हा नदीच्या काठी कोवळे ऊन पडते. मंडईत भाजीवाली मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडते. हिवाळ्यात उसाने भरलेल्या बैलगाड्या कारखान्याकडे निघतात. अशा वेळी मी थांबतो आणि आधी नीट पाहतो. ऊन कोणीकडून येते, सावली कोठे पडते, हे पाहावे लागते. माणसांचे छायाचित्र त्यांना विचारूनच काढतो. नको म्हटले तर कॅमेरा पिशवीत ठेवतो.

एकदा हिवाळ्यात मी इंदापूर तालुक्यातील भिगवणला गेलो. भीमा नदीवरील उजनी धरणाचे पाणी तेथपर्यंत पसरले आहे. हिवाळ्यात तेथे रोहित पक्षी येतात. लांब पायांचे, गुलाबी पंखांचे ते पक्षी पाहून मी भान विसरलो. भराभर शंभर छायाचित्रे काढली.

काठावर एक म्हातारे बाबा बसले होते. ते हसून म्हणाले, "मास्तर, पाखरं दरसाल येत्यात. त्यांचं फोटू लई निघत्यात. आमच्या गावाचा मातुर एक बी न्हाई."

"तुमचे गाव कोणते, बाबा?" मी विचारले.

त्यांनी पाण्याकडे बोट केले. "त्या तिथं व्हतं. धरण झालं आन् पाण्याखाली गेलं. दारात लिंबाचं झाड व्हतं. म्हातारी म्हणती, दाराच्या उजवीकडं व्हतं. मी म्हणतो, डावीकडं. आता कुणाला इचारायचं?"

मी गप्प झालो. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. तेव्हा अनेक गावे बुडाली. पळसदेवचे जुने दगडी मंदिरही पाण्यात गेले. २०२४ च्या उन्हाळ्यात पाणी खूप आटले, तेव्हा ते उघडे पडले आणि लोक कॅमेरे घेऊन धावले. मंदिर पुन्हा दिसले. पण बाबांच्या दारातला लिंब कोठून दिसणार? गाव नांदते होते तेव्हा त्याचे छायाचित्र काढावे, असे कोणाला वाटले नव्हते.

घरी आलो. त्या वर्षी आमचे जुने घर पाडून नवे बांधायचे होते. माझ्याकडे पाखरांची शंभर छायाचित्रे होती. घराचे एकही नव्हते! दुसऱ्याच दिवशी मी उंबरा, कोनाडा, अब्बांचे शिवणयंत्र, सारे टिपले. आम्हा भावंडांची उंची मोजताना चौकटीवर ओढलेल्या रेघाही टिपल्या. अम्मी हसून म्हणाली, "अरे, या मोडक्या दाराचा कसला फोटो?" आज ते घर नाही. अम्मी मात्र ते छायाचित्र अधूनमधून मागते आणि रेघांवरून बोट फिरवते.

नंतर मी पुन्हा भिगवणला गेलो. बाबांच्या आताच्या घरासमोरही एक लिंब आहे. त्याच्याजवळ बाबा आणि आजी यांना उभे करून मी छायाचित्र काढले आणि कागदावर छापून त्यांना नेऊन दिले. बाबांनी ते दूर धरून बराच वेळ पाहिले. मग आजींना म्हणाले, "हे बघ, हा लिंब उजवीकडं हाय. आता ह्याच्यावरनं तरी भांडू नगंस!"

शब्दार्थ
उणीव – कमतरता
भान विसरणे – गुंग होणे
मातुर – मात्र (बोलीभाषेतील शब्द)
लिंब – कडुनिंब
नांदते – माणसांनी भरलेले
कोनाडा – भिंतीतील वस्तू ठेवण्याची जागा

स्वाध्याय
१. लेखकाचा कॅमेरा लहान व हलका का आहे?
२. बाबा आणि आजी यांच्यात कोणता वाद होता? तो का मिटत नव्हता?
३. अम्मी चौकटीचे छायाचित्र पुन्हा पुन्हा का मागते? तुमच्या शब्दांत लिहा.
४. बाबांची वाक्ये प्रमाण मराठीत लिहा.

उपक्रम : तुमच्या घरातील किंवा गल्लीतील एखादी जुनी वस्तू निवडा. मोठ्यांकडून तिची माहिती मिळवा. तिचे छायाचित्र किंवा चित्र काढून खाली पाच ओळी लिहा.